नाथाजींचा पहारा

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. एक गोष्ट सांगतो. ऐकून उठाल तेव्हा मन जरा हलके झालेले असेल.

मी एक जुना लाकडी फासा आहे. सोंगट्यांच्या फाशासारखा लांबट नव्हे, मला वीस बाजू आहेत. मिरजेत अश्फाकचाचा वीणा घडवतात. एका वीणेच्या उरल्या तुकड्यातून त्यांनी मला कोरले. ती वीणा आज एका देवळात कीर्तनाला उभी राहते. मी मात्र चाचांच्या पुतणीच्या, सुमैराताईंच्या हाती आलो.

सुमैराताई मिरजेजवळच्या विश्रामबागेत मनाने थकलेल्या मोठ्या माणसांची बैठक घेतात. तिथे त्या खेळ मांडतात. बुवा आख्यान लावतात तशी त्या गोष्ट लावतात. घनदाट रान, दूरचा गड, वाटेवर चोर. फरक इतकाच, की इथे श्रोतेच गोष्टीतली माणसे होतात. कुणी वैद्य, कुणी वाटाड्या. आपला माणूस पुढे काय करणार ते ज्याने त्याने सांगायचे आणि मला टाकायचे. मोठा आकडा पडला तर काम फत्ते, लहान पडला तर फजिती. वीस पडले की लोक मला कपाळाला लावत.

मग पुण्याहून चकचकीत प्लास्टिकचे फासे आले आणि मी डब्यात जाऊन पडलो. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

मला पुन्हा बाहेर काढले ते नाथाजींमुळे. कडेगावचे नाथाजी फौजेतून निवृत्त झालेले. प्लास्टिकचा फासा टेबलावर खडखडला की ते दचकून उभेच राहत. माझा आवाज मऊ.

नाथाजींना झोप नव्हती. रात्रभर बॅटरी घेऊन ते घरापासून उसाच्या बांधापर्यंत फिरत आणि त्यांच्या पत्नी साळूबाई उंबऱ्यात जागत बसत. त्या जागरणाने साळूबाई एकदा चक्कर येऊन पडल्या, तेव्हा नाथाजी आपण होऊन बैठकीला आले.

खेळातही तेच. रानात मुक्काम पडला की पहारा त्यांचाच. जो झोपत नाही त्याची ताकद घटत जाते, असा खेळाचा नियम. त्यांचा माणूस पार खंगला, तरी पहारा सोडेना.

एका शनिवारी दुपारी बैठकीतल्या जैनबभाभींनी हात पुढे केला. त्यांचे बांगड्यांचे दुकान आहे.

"दादा, आजचा पहारा माझ्याकडं द्या. दिवसभर गिऱ्हाइकांच्या हातावर नजर ठेवून बसते मी. चोर मला लांबून कळतो."

सगळे हसले. नाथाजींनी मला मुठीत घट्ट आवळले.

"फौजेत त्या रातीचा पहारा माझाच हुता," ते हळू आवाजात म्हणाले. "मला ताप हुता, म्हणून माझा दोस्त कृष्णात उभा राहिला माझ्या जागी. परत आला न्हाई."

ते नाव बैठकीत पहिल्यांदाच निघाले. भाभींचा हात तसाच पुढे होता.

"मी कुठं एकटी लढणार हाय, दादा? काही दिसलं की तुमाला हाक मारीन."

बऱ्याच वेळाने मूठ सैल झाली. नाथाजींनी मला भाभींच्या तळहातावर ठेवले. "झोपला माझा माणूस," ते म्हणाले.

मित्रांनो, मी जीव तोडून गडगडलो. देवा, आज वीस पडू दे, म्हणालो. पडले दोन.

मेल्याहून मेल्यासारखे झाले मला. चोर आले. पण भाभींनी हाक मारली, सगळे उठले, आणि वैद्यापासून वाटाड्यापर्यंत जो तो लढला. एक गाठोडे गेले, माणूस एकही नाही.

नाथाजी टेबलाकडे बघतच राहिले. "दोनच पडलं, तरी सगळी हायेत की," ते म्हणाले, आणि रुमालाने डोळे टिपले.

पुढच्या शनिवारी त्यांनी सांगितले, की बॅटरी साळूबाईंनी आपल्या उशाशी ठेवली, काही वाजलं तर हाक मारीन म्हणाल्या, आणि दोघांनाही थेट उजाडल्यावरच जाग आली. रोज जमत नाही. पण जमते.

आता माझ्या कडा झिजल्यात, आकडेही पुसट झालेत. माझे एवढे ऐका. तुमच्या घरात कुणी असा एकट्याने पहारा देत असेल, तर त्याला हसू नका. जवळ बसा, हात पुढे करा, आणि त्याची मूठ सैल होईपर्यंत तो मागे घेऊ नका. आणि आज अंथरुणाला पाठ टेकाल तेव्हा, दुसऱ्याच्या जागी उभ्या राहिलेल्या त्या कृष्णातचे नाव एकदा घ्या.