एक्सरेवरचा पक्षी

आभाराचा विषय निघाला की थोरली जाऊ उठून जायची. गॅसवर दूध आहे, नळ चालू राहिलाय, काहीही कारण तिला पुरायचं. "घरातल्या घरात कसले आभार गं? मी काय परकी आहे?" एवढं बोलून ती दाराबाहेर. धाकटीचे आभार तीन वर्षं तसेच घशात अडकून होते.

आता रविवारी थोरलीचं बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलणार होतं. तोंडाने जमत नाही तर हाताने सांगू, असं ठरवून धाकटीने तिच्या नव्या घरासाठी चार पांढरे सुती पडदे शिवले आणि साचा कापायला घेतला. साच्यासाठी तिने नवऱ्याच्या गुडघ्याचा जुना एक्सरे ढापला. तो रंगाने भिजत नाही, आणि नवऱ्याचा गुडघा तसाही घरकामाला कधी आला नव्हता. त्यात तिने ब्लेडने पक्षी कोरला. पडद्याच्या एका कडेला पक्षी उजवीकडे बघणार. तोच साचा उलटा ठेवला की दुसऱ्या कडेला डावीकडे. निळा रंग स्पंजने टिपत दोन पडदे झकास उतरले.

तिसऱ्याला घोळ झाला. पडदे देताना काय बोलायचं, त्याचं भाषण ती मनात जुळवत होती, आणि त्या नादात साचा पुसायचा राहिला. रंगाची ओली बाजू कापडावर बसली. उचलून बघते तो पक्ष्याभोवती हा एवढा निळा चिखल. दुकानातलं ते ठाण संपलेलं, रविवार परवावर आलेला. तिला रडूच फुटलं.

नेमकी तेव्हाच थोरली कपबश्या गुंडाळायला जुनी वर्तमानपत्रं मागायला आली. तिने पडद्याकडे पाहिलं, धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं आणि बाह्या सरसावून खाली बसली.

"साचा उलटायच्या आधी पुसायचा असतो, हे मी सांगायला हवं? कोणाचे आहेत हे?"

"आहेत एका ओळखीच्या बाईंचे," धाकटी पुटपुटली.

"मग ती काय भिंग लावून बघणार आहे? एक्सरेचा उरलेला तुकडा दे इकडे, पान कापते. गडद हिरवी पानं दाट मारली की डाग गडप. बाकीच्या तिन्हींवर पण मारू, म्हणजे मुद्दाम केल्यासारखं दिसेल."

थोरलीचं हे असंच. विचारपूस नंतर, काम आधी. बाळंतपणानंतर धाकटी चार महिने आजाराने अंथरुणाला खिळली, तेव्हाही ती अशीच न विचारता आली होती आणि आठ दिवसांची तान्ही उचलून घेऊन गेली होती. स्वतःची दोन पोरं, वर ही तिसरी. रोज संध्याकाळी न्हाऊमाखू घातलेली लेक ती धाकटीच्या उशाशी आणून ठेवायची आणि तिला बजावायची, "ही तुझी आई. मी नव्हे हं." ते आठवून धाकटीच्या हातातला स्पंज थांबला.

दोन तासांत डाग पानांआड गेला. थोरलीची बोटं हिरवीगार झाली होती. "शेवटची दोन पानं जरा वाकडी आलीत," ती म्हणाली. "जाऊ दे, त्या बाईला काही कळायचं नाही."

"आता कळलं ना," धाकटी म्हणाली. "पडदे तुमचे आहेत, ताई."

थोरली पानांकडे बघत राहिली. मग सवयीने अर्धी उठली, "वर्तमानपत्रं कुठे ठेवलीस," असं विचारायला लागली, आणि मध्येच थांबून परत बसली.

"बोल," ती म्हणाली. "रविवारनंतर ऐकायला मी इथे नसेन."

जुळवलेल्या भाषणातलं एक अक्षर धाकटीला आठवेना.

"तेव्हा मी मरणार असं मला रोज वाटायचं," ती म्हणाली. "पण माझ्या लेकीचं कसं होईल, ही काळजी एक दिवस वाटली नाही. तुम्ही होतात म्हणून."

थोरलीने डोळे पुसायला हात वर नेला, तो हिरवा बघून तसाच खाली घेतला. धाकटी पुढे सरकली आणि आपल्या बाहीने तिचे डोळे पुसू लागली. थोरली उठली नाही.