माझ्यात नसलेलं चित्र

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. पाटी म्हटलं की तुम्हाला खडू आठवेल, पण माझ्यावर कुणी लिहीत नाही. जाड पुठ्ठ्यावर वीस चौकोन, प्रत्येकात एक चित्र आणि वर प्लास्टिकचं आवरण, एवढाच माझा देह. पाणी, जेवण, औषध, कान, दार, दुखतंय... ज्यांची वाचा गेली त्यांनी माझ्यावर बोट ठेवायचं आणि बाकीच्यांनी समजून घ्यायचं. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी मला कापलं, चिकटवलं आणि लिफ्टवाल्या मिस्त्रींच्या मांडीवर ठेवलं.

मिस्त्रींनी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या होत्या. मग मेंदूत रक्ताची गुठळी अडकली. उजवा हात लुळा पडला आणि शब्द तर पार गेले. "हो" म्हणायला जावं तर तोंडातून "ता ता" निघे.

त्यांचा मुलगा कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होता. वाईट नव्हता, थकला होता. बाईंना म्हणाला, "डोकं म्हणजे शेवटी कॉम्प्युटरच ना हो? शब्दांची फाइलच उडाली, तर बाबा विचार तरी कशात करणार?"

"पडदा काळा झाला म्हणून तुम्ही कॉम्प्युटर भंगारात काढता का?"

"छे! दुसरा पडदा लावून बघतो."

"मग ही पाटी लावून बघा."

तेव्हा माझी छाती फुगली होती, मित्रांनो! मिस्त्रींनी पाणी मागितलं, पाणी आलं. त्यांची बायको मला शेजारणीला कौतुकानं दाखवायची.

एका सकाळी मिस्त्रींचं बोट 'कान'वर आलं. मग 'दुखतंय', मग 'दार'. पुन्हा कान, दुखतंय, दार. बायकोनं कानात थेंब घातले. त्यांनी मान झटकली आणि माझ्यावर बोट आपटलं. टक्. जरा थांबले. पुन्हा टक्.

"यांना बाहेर पळायचंय," मुलगा म्हणाला. दाराला कुलूप लागलं आणि किल्ली त्याच्या आईच्या कमरेला गेली.

चार दिवस हेच. माझ्याकडे शब्द होते, पण सांगायचंय काय ते मला ठाऊक नव्हतं. त्यांना ते पक्कं ठाऊक होतं, पण शब्द नव्हता. आम्ही दोघं त्या खोलीत कोंडलो होतो. शेवटी "ही पाटीच यांना चिडवते" म्हणून मला गादीखाली सारलं.

पाचव्या दिवशी बायकोनं कचरा बाहेर ठेवायला दार उघडलं. मिस्त्रींनी मला उपसलं, काखेत मारलं आणि भिंत धरत धरत लिफ्ट गाठली. जाळीचं दार सरकवून त्यांनी मला फटीत खुपसलं. दार मिटेना, लिफ्ट हलेना. खालून आरडाओरडा सुरू झाला. "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय! ओढा त्याला!"

मुलगा धापा टाकत जिना चढून आला. "बाबा, सोडा ती पाटी!"

मिस्त्रींनी त्याचा तळहात उघडला आणि त्यावर बोट आपटलं. टक्. मग जाळीतून दिसणाऱ्या पोलादी दोराकडे दाखवलं. पुन्हा टक्. पुन्हा दोर.

मुलानं आधी माझ्यावरच्या 'कान'कडे पाहिलं, मग दोराकडे. "आवाज येतोय, बाबा? दोराचा?"

मिस्त्री लहान मुलासारखे रडायला लागले.

लिफ्ट कंपनीचा माणूस गच्चीवरून उतरला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. "दोराच्या तारा तुटल्यात. दर फेरीला चाकावर ठोका पडत असणार. नशीब वेळेवर कळलं. कुणी सांगितलं?"

"बाबांनी सांगितलं," मुलगा म्हणाला.

त्या झटापटीत माझा कोपरा मोडला. बाईंनी तो जोडला आणि लिफ्टचं चित्र लावू म्हणाल्या. मुलगा म्हणाला, "लावा. पण एक चौकोन कोराही ठेवा. 'मला म्हणायचंय ते यात नाही' असं सांगायला."

आज तोच चौकोन सगळ्यात जास्त झिजलाय. मिस्त्री त्यावर बोट ठेवतात आणि घरातले विचारत सुटतात. ऊन लागतंय? जुनं कुणी आठवलं? कधी सापडतं. पुष्कळदा सापडत नाही, आणि मिस्त्री भिंतीकडे तोंड करतात.

मित्रांनो, जो बोलत नाही तो आतून रिकामा आहे असं समजू नका. आणि आमच्यासारख्या पाट्यांवर सगळा भार टाकून निघूनही जाऊ नका.

काल मिस्त्री असेच भिंतीकडे वळले. मुलगा घड्याळ बघून उठला, दारापर्यंत गेला, आणि पायात सरकवलेल्या चपला काढून परत आला.

"सांगा बाबा," तो म्हणाला. "मी बसलोय."