गुलूबंदाची आतली बाजू

जौहरी बाजारामागच्या गल्लीत वहीदमियाँ आणि निहालसिंग यांचं भांडण सगळ्यांना तोंडपाठ होतं. दागिन्याच्या मागच्या बाजूला निहालसिंग मीना भरायचा, म्हणजे सोन्यात कोरलेल्या वेलबुट्टीत रंग घालून भट्टीत भाजायचा. मग पुढच्या बाजूला वहीदमियाँ खडे जडवायचे. भांडल्याशिवाय दोघांनाही चहा गोड लागत नसे.

"सरदारजी, मागे कोण बघतं? तुझं काम फक्त घामाला दिसतं," वहीदमियाँ म्हणायचे.

"आणि तुझं शेजारणींना. माझं, जिचा दागिना तिच्या अंगाला लागतं, मियाँ."

वहीदमियाँच्या लेकीचं, नौशीनचं लग्न ठरलं, तेव्हा तिचा गुलूबंद, म्हणजे गळ्यालगतचा हार, दोघांनी मिळून करायचा हे वेगळं ठरवावं लागलं नाही. निहालसिंगनं मागे लाल फुलं भरली. लाल रंग मोठा नखरेल. तो सगळ्यांच्या शेवटी भट्टीत जातो आणि जरा आच चढली की काळवंडतो. या खेपेला तो असा उतरला की वहीदमियाँनीसुद्धा 'बरा आहे' म्हटलं. त्यांच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे खूप झालं.

खडे बसवून झाले. हलू नये म्हणून दागिना मागच्या अंगानं लाखेत रोवलेला असतो. लाख ऊन करून तो अलगद सोडवायचा. नवख्यांना हेच शिकवताना वहीदमियाँचा घसा बसायचा. पण त्या दिवशी घरात पाहुणे, खालून बायकोच्या हाका, आणि लाख पुरती मऊ व्हायच्या आत त्यांनीच गुलूबंद ओढला. एका पाकळीतला लाल रंग खसखशीच्या दाण्याएवढा उडाला.

पुढची बाजू लखलखत होती. मागे कोण बघणार? जन्मभर हेच तर म्हणत आले होते. रंग पुन्हा भरायचा तर दागिना भट्टीत घालायला हवा, आणि भट्टीत खड्यांखाली भरलेली लाखही जळून जाणार. म्हणजे सगळे खडे उपटा, आणि लग्न तर तोंडावर आलेलं. वहीदमियाँनी डबी बंद केली आणि खाली जाऊन पाहुण्यांत बसले.

"झाला का हो गुलूबंद?" त्यांच्या बायकोनं, सईदानं विचारलं.

"झाला," ते म्हणाले, आणि कोर्मा खारट झालाय म्हणून उगाच तिच्यावर करवादले. कोर्मा चांगला होता.

दुसरा सगळा दिवस ते माडीवर दार लावून बसले. संध्याकाळी त्यांनी निहालसिंगपुढे रुमालाची पुरचुंडी ठेवली. त्यानं सोडून पाहिली. गुलूबंदावर एकही खडा नव्हता, नुसती रिकामी घरं.

"डोकं फिरलं का मियाँ? अरे, पुढच्या आठवड्यात निकाह आहे."

"उलटा करून बघ."

निहालसिंगनं तो खिडकीपाशी नेला, डोळे बारीक करून पाहिला आणि मिशीत हसला. "एवढ्याशासाठी? मागे कोण बघतं?"

"बोलून घे. आज तुझा दिवस आहे."

"घेणारच. इतकी वर्षं ऐकून घेतलंय." बोलता बोलता तो भट्टी पेटवायला उठलासुद्धा. "कचोरी मागव. आणि घरी सांग, लग्नापर्यंत मियाँ काही हाताला लागायचे नाहीत."

लाल पुन्हा तसाच उतरला. वहीदमियाँनी मान मोडेस्तोवर बसून एकेक खडा परत बसवला. या वेळी लाख इतका वेळ ऊन केली की निहालसिंगला जांभया आल्या.

निकाहच्या दिवशी नौशीननं गुलूबंद हातात घेतला आणि आधी उलटाच केला. फुलांवरून बोट फिरवत बराच वेळ बघत राहिली.

"निहालचाचा, इतकं सुंदर, आणि हे झाकलंच जाणार?"

निहालसिंगनं तोंड उघडलं, पण वहीदमियाँ आधी बोलले.

"झाकलं नाही जात, बेटा. पुढचं लोकांचं असतं. हे तुझं."

निहालसिंगनं दाढीवरून हात फिरवला. "माझंच वाक्य चोरलंस, मियाँ." वहीदमियाँना त्याचं फार बरं वाटलं.