एक जोड जास्त

आधी माफी मागतो. आमच्या घरात पुस्तक उघडून बसणारा मी पहिलाच. बाबा सातवीपर्यंत शिकले, ओमानमध्ये पाण्याचा टँकर चालवतात. आई सही करते तीसुद्धा एकेक अक्षर उचलून ठेवल्यासारखी. माझं मराठी शाळेत इंग्रजीखाली आणि बाजारात हिंदीखाली दबत वाढलं. अशा मुलानं एका माणसाचं चित्र शब्दांत काढायला बसावं, हे धाडसच आहे. त्यातून या माणसाबद्दल मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा एकच शब्द लिहिला होता, आणि तो चुकला होता. तेव्हा यातही काही चुकलं तर वाचणाऱ्यांनी मोठ्या मनानं घ्यावं.

फिलोमिना आंटी म्हटलं की मला चेहऱ्याआधी आवाज आठवतो. चहाच्या पातेल्यावरच्या झाकणावर पळी आपटल्याचा. सलालाह हे ओमानच्या दक्षिण टोकाचं गाव. आपल्याकडे खरीप म्हणजे पीक. तिथे खरीफ हा ऋतूच आहे. जूनच्या अखेरीस समुद्रावरून धुकं चढतं, उघडेबोडके डोंगर आठवड्याभरात हिरवे होतात, आणि पाऊस पडत नाही तर नुसता हवेत टांगून राहतो, पिठासारखा. त्या पांढुरक्या उजेडात लाटा दिसण्याआधी ऐकू येत. शिट्टी वाऱ्यात विरून जाई. पण ते झाकण वाजलं की त्याचा टणत्कार वारा कापत सरळ पाण्यापर्यंत पोचे, आणि कमरेइतक्या पाण्यात उभी असलेली माणसं शाळेतली घंटा ऐकल्यासारखी मागे वळत. मग तिचा स्वर येई, उंच, थोडा फाटलेला: “ओ भाईसाब! बस हो गया, यल्ला, वापस आओ!”

ती वसईकडची. नारळाच्या बागा आणि समुद्र पाहून, सलालाह म्हणजे आमच्या वाडीचाच कुणीतरी वाळवलेला भाऊ आहे, असं म्हणायची. एका हॉटेलच्या लाँड्रीत इस्त्री करायची. तिच्या हातांना कायम खळीचा आणि गरम कापडाचा वास येई, आणि उजव्या मनगटावर इस्त्रीच्या जुन्या डागांची फिकट नक्षी होती. लग्न केलं नव्हतं. शुक्रवार सुट्टीचा, सकाळची मिस्सा आटोपली की ती चर्चमधल्या चार-पाच जणांबरोबर थेट किनाऱ्यावर येई, एका हातात स्टोव्ह, दुसऱ्या हातात पातेलं. नव्वद सालानंतर कधीतरी, सहलीला आलेलं एक माणूस बुडाल्यावर, या लोकांनी आपसांत एक मंडळ उभं केलं होतं. शुक्रवारी किनाऱ्यावर पहारा करायचा, एवढाच त्याचा नियम. प्रमुख होते ग्रेगरी अंकल, त्याच हॉटेलातले प्लंबर, वसईचेच, पाण्यात माशासारखे आणि जमिनीवर गोदामासारखे. “ग्रेगरी, तुझं पोट आधी समुद्रात पोचतं,” आंटी म्हणायची, “मग तू. बुडणारा त्यालाच धरून तरंगेल.” अंकल पोटावर थाप मारून म्हणत, “मग? सरकारी बोट आहे ही.”

बाबांमुळे आमचं घर सलालाहलाच होतं. बारावीनंतर दोन वर्षं मी तिथल्याच एका सिमेंटच्या दुकानात टायपिस्ट होतो. त्या काळात मी मंडळात आलो. मला पोहता येत होतं. शिवाय इंग्रजीत लिहिता येत होतं, म्हणून कागदपत्रं माझ्याकडे आली.

आंटीला पोहता येत नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ती घोट्याच्या वर पाण्यात जात नसे. पण तिनं वाळूत दोन खुंट्या ठोकून एक दोरी बांधलेली असे, आणि पाण्यात जाणाऱ्या प्रत्येकानं दोरीपाशी चपला काढायच्या, जोड जुळवून, अंगठे समुद्राकडे करून ठेवायच्या, हा तिचा दंडक होता. परत आलेल्यानं लगेच आपला जोड पायात घालायचा. म्हणजे दोरीपाशी जितके जोड, तितकी डोकी पाण्यात. बस. चहा उकळत असे, ती भुवईवर आडवा हात धरून बसलेली असे, तिचे ओठ हलत असत, आणि नजर सुईसारखी वर-खाली चाले: जोड, डोकी, जोड, डोकी. लांबून पाहणाऱ्याला वाटे, एक बाई चहाला उकळी यायची वाट पाहते आहे.

एका शुक्रवारी ती मधेच थांबली. समुद्र त्या दिवशी मऊ होता, ऊन होतं, आम्ही सगळे हसत होतो. ती हलक्या आवाजात म्हणाली, “एक जोड जास्त आहे.” ग्रेगरी अंकल कप हातात घेऊनच उठले. आम्हाला कुणालाच काही दिसत नव्हतं. तिनं हनुवटीनं दाखवलं, उजवीकडे, खडकाच्या अलीकडे. तिथे पाण्यावर काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याकडेच ती बोट न दाखवता बघत होती. अंकलनी त्या जागेतून एका शाळामास्तरला केसांना धरून वर काढलं. मास्तर वाळूवर पाणी ओकत असताना आंटी त्याच्याजवळ गेली, त्याच्या चपला त्याच्या पायांशी ठेवल्या आणि म्हणाली, “घाल बाबा. माझा हिशेब चुकतोय.”

हे ती कुठून शिकली, ते तिनं एकदाच सांगितलं, तेही इस्त्री करताना, वर न बघता. लहानपणी तिचा धाकटा भाऊ वसईच्या किनाऱ्यावर गेला होता. दुपारभर त्याच्या चपला वाळूत होत्या. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनी त्या पाहिल्या, तिनंही पाहिल्या. सगळ्यांना वाटलं, पोर अनवाणीच बाजारात पळालं असेल. “चपला सांगत होत्या रे दिनू,” ती म्हणाली, “आम्हीच विचारलं नाही.” मग तिनं इस्त्री उचलून ठेवली आणि चादरीची घडी फार सावकाश, कोपऱ्याला कोपरा लावत घातली.

नवं शतक लागलं तसं आमचं मंडळही नवं झालं. कुलकर्णी साहेब पुण्याहून बदली होऊन आले, इंजिनिअर, शिस्तीचे, मनानं चांगले. त्यांनी हॉटेलकडून नारिंगी टी-शर्ट मिळवले, पाण्यात तरंगायचे फुगे मिळवले, वर्ग सुरू केले, परीक्षा ठेवल्या. यातलं काहीच वाईट नव्हतं. मी स्वतः ती परीक्षा पास झालो आणि प्रमाणपत्र आईनं देवाच्या फोटोशेजारी लावलं. मग साहेबांनी मला कामांची यादी करायला सांगितली, इंग्रजीत, कुणाकडे काय काम ते. मी दुकानातल्या कॉम्प्युटरवर रात्री नीट चौकोन पाडून ती केली. स्विमर्स. फर्स्ट एड. इक्विपमेंट. आंटीच्या नावापाशी मी अडलो. ती जे करत होती त्याला माझ्याकडे इंग्रजी शब्द नव्हता. खरं सांगायचं तर मराठीही नव्हता. मी लिहिलं, रिफ्रेशमेंट्स.

पुढच्या शुक्रवारी तिनं विचारलं, “माझ्या नावापुढं काय लिहिलंस?”

“रिफ्रेशमेंट्स.”

“म्हणजे?”

“चहापाणी.”

ती हसली. “बरोबर आहे. चहा मीच करते.”

त्या हसण्यात काय होतं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि आता कळून उपयोग नाही. दोनच महिन्यांत हॉटेलनं पाण्याच्या बाटल्या आणि रसाचे डबे द्यायला सुरुवात केली. मीटिंगमध्ये साहेबांनी यादीवर बोट ठेवून विचारलं, मग हे काम आता लागतं का? दोरीपाशी पडलेल्या चपला फोटोत बऱ्या दिसत नाहीत, असंही कुणी म्हणालं. ग्रेगरी अंकल माझ्याकडे पाहत होते. त्यांचं इंग्रजी नळांपुरतं होतं. मी बोलायला हवं होतं. मीटिंग इंग्रजीत होती, आणि माझं वाक्य मनात कर्ता-क्रियापद लावून उभं राहीपर्यंत पुढचा विषय सुरू झाला होता. ते वाक्य अजून तसंच माझ्यापाशी आहे.

आंटी त्यानंतरही काही शुक्रवार आली. स्टोव्ह नाही, दोरी नाही. माडाच्या सावलीत बसून राही. रिकाम्या हातांचं काय करावं हे हातांनाच कळत नसल्यासारखी पदराची घडी घाली आणि मोडी. ओठ मात्र हलत असत. पण आता मोजायला एकच बाजू उरली होती, डोकी. आणि नुसत्या डोक्यांवरून, कोण नाही ते कळत नाही. थंडीत त्या किनाऱ्यावर तारल्या, म्हणजे बारीक मासळी, वाळत घालतात, मैलभर चंदेरी गालिचा, उंटांच्या चाऱ्यासाठी. त्या वर्षी तारल्या वाळल्या, उचलल्या गेल्या, आणि केव्हातरी ती यायची थांबली.

मग तो सप्टेंबर. खरीफ सरत आला होता, धुकं विरलं होतं, समुद्र वरून शहाण्यासारखा वागत होता आणि आत ओढ शिल्लक होती. गर्दी खूप. आम्ही नऊ जण नारिंगी टी-शर्टात उभे होतो, एकमेकांपासून ठरलेल्या अंतरावर. ऊन कललं, लोक गाड्यांत बसून गेले, आणि मोकळ्या वाळूत, पूर्वी जिथे दोरी असायची त्याच्या जवळपास, एक प्लॅस्टिकच्या चपलांचा जोड राहिला. निळा. दुपारपासून तो तिथे होता. मी त्याच्या शेजारून तीन-चार वेळा गेलो होतो. मला वाटलं होतं, कुणीतरी अनवाणीच गाडीत बसलं असेल.

तो एका बांधकाम कॅम्पवरचा मजूर होता. दुसऱ्या दिवशी मिळाला.

ग्रेगरी अंकलनी त्याच शुक्रवारी संध्याकाळी आंटीला आणलं होतं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मला वाटत होतं तिनं मला एक थोबाडीत मारावी. ती त्या चपलांपाशी खाली बसली, त्यांतली वाळू झटकली, आणि दोन्ही हातांनी तो जोड उचलून उलटा ठेवला: अंगठे जमिनीकडे. घराकडे. मग माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठली. तिचा हात किती हलका होता, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

पुढच्या वर्षी कॉलेजसाठी मी मुंबईला आलो. तिचा व्हिसा संपला आणि तीही वसईला परतली, हे मला अंकलनी फोनवर सांगितलं. “जाऊन ये रे,” ते म्हणाले, “विचारते तुला.” लोकलनं तासा-दोन तासांची वाट. मी गेलो नाही. रिकाम्या हातानं जायची लाज वाटत होती. मला आधी ती यादी दुरुस्त करायची होती. मी कुलकर्णी साहेबांना पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही, दुसरं लिहिलं, तिसरं मराठीत लिहिलं, त्यात चपला, मास्तर आणि निळा जोड सगळं लिहिलं. जवळजवळ वर्षानं त्यांचं पाकीट आलं. साहेबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, “दोरी पुन्हा बांधली आहे, आणि मला जे तेव्हा दिसलं नाही त्याबद्दल माझ्या वतीनं बाईंची क्षमा मागा.” सोबत नवी यादी. सर्वांत वर तिचं नाव, आणि पुढे एकच शब्द: वॉच.

त्याच रविवारी मी निघालो. वाडीत केळीच्या बागांमधून पाऊलवाट जाते. पाटात पाणी वाहत होतं, कुठेतरी मोगऱ्याचे ढीग ओल्या फडक्यात झाकलेले होते, त्याचा वास. घराच्या ओट्यावर चपला होत्या. खिशातला कागद चाचपत मी उभा राहिलो आणि माझ्या नकळत ओठ हलले. नऊ जोड. उघड्या दारातून आत पाहिलं: बाकांवर, खुर्च्यांवर माणसं बसलेली, हातांत कप. आठ. एक जोड जास्त होता. तपकिरी, पट्ट्याच्या, टाचेकडे झिजलेल्या. किनाऱ्यावर शंभरदा पाहिलेल्या. मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसलो असेन. वाटलं, ही नक्की आत स्वयंपाकघरात आहे, चहा उकळते आहे.

एक बाई बाहेर आली. तिच्यासारखीच हनुवटी; भाची असावी. मी नाव सांगितलं. “दिनू? सलालाहचा?” ती म्हणाली. “तुम्हाला कुणी कळवलं नाही का? आंटी जाऊन महिना झाला. आज तिची महिन्याची मिस्सा होती.” मग माझी नजर जिथे होती तिकडे पाहून, जणू तिचंच काही चुकलं असावं तशी ती म्हणाली, “त्या उचलायला कुणाचा हात होत नाही.”

जो परततो तो आपल्या चपला घालून निघून जातो, एवढं तिनं मला शिकवलं होतं. जो परतत नाही, त्याचा जोड किती दिवस मोजत राहायचा, हे विचारायचं राहून गेलं.