आत्याला राग येत नाही

माझ्या आत्याला कोणाचाच राग येत नाही, आणि हे ती दात आवळून सांगते.

हे वाक्य मी शाळेच्या स्टेजवर म्हटलं तेव्हा अख्ख्या हॉलमध्ये हशा फुटला. मुख्याध्यापिकाबाई, ज्यांचं हसू आम्ही फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलं होतं, त्यांनी चक्क रुमाल काढला. आणि मला कळलं की मला हे येतं! नाहीतर तोपर्यंत मला काय येत होतं? गाण्यात मला मागे उभं करून नुसते ओठ हलवायला सांगायचे. रिलेत माझ्या हातातून दांडी पडायची. आणि आता अख्ख्या शाळेतून मी एकटी आंतरशालेय विनोदी एकपात्रीच्या फायनलला निवडले गेले होते. मी वर्गात अशी चालायला लागले की मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, जमिनीला पाय लाव, छताला डोकं आपटेल.’’

पण आमच्या ध्यानकेंद्रात येणाऱ्या दंतवैद्यांची मुलगी माझ्याच वर्गात आहे. तिने घरी सांगितलं, दंतवैद्यांनी मोठ्या मैत्रीभावानं ध्यानकेंद्रात सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी आत्या आमच्या दारात हजर. चपला नीट जोडीनं ठेवल्या. ती चिडली की चपला फार सरळ ठेवते.

आम्ही बौद्ध आहोत. लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर आमचं ध्यानकेंद्र आहे आणि ते आत्या चालवते. घंटा ती वाजवते, उशा ती मोजते, कोण पेंगलं हेही तीच बघते, डोळे मिटून.

‘‘तू धम्माची टिंगल केलीस,’’ ती म्हणाली.

‘‘धम्माची नाही, तुझी केली.’’

‘‘एकच आहे ते.’’

‘‘एकच कसं? तूच शिकवतेस ना, ‘मी’ असं काही नसतंच म्हणून? मग टिंगल झाली कोणाची?’’

बाबाच्या तोंडातला चहा नाकात गेला. आत्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो तसाच नाकासकट गप्प बसला. आत्या त्याची मोठी बहीण. ती खोलीत आली की अजूनही बाबाचे खांदे युनिफॉर्म घातल्यासारखे होतात.

‘‘हसतोस काय? फाजील लाड! तोंड सुटलंय पोरीचं. वाणी जपायची असते हे घरात कोणी शिकवलं नाही वाटतं. फायनलला जायचं नाही.’’

‘‘तू कोण ठरवणार?’’

‘‘मी त्या वाक्यातली आत्या.’’

मी जोरात पाय आपटला.

बाबानं मध्यम मार्ग काढला. आमच्या घरात कुठलंही भांडण झालं की बाबा मध्यम मार्ग काढतो, म्हणजे दोघींच्या मधून वाट काढत गॅलरीत जाऊन उभा राहतो. (हाही विनोद माझ्या कार्यक्रमात आहे.) या वेळी मात्र तो गॅलरीच्या दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, ‘‘असं करू. हिनं हे सगळं आधी केंद्रात करून दाखवावं. ज्यांच्यावर विनोद आहेत त्यांच्यासमोर. त्यांना हसू आलं तर जाऊ दे.’’

‘‘चालेल,’’ मी म्हणाले.

‘‘चालेल,’’ आत्याही म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली की मला संशयच आला. ‘‘रविवारी. अधिष्ठानाच्या बैठकीत. एकजण जरी आवाज करून हसला तर खुशाल जा. कोणी नाही हसलं, तर शाळेला कळवायचं की नाव मागे घेतेय.’’

अधिष्ठान म्हणजे काय ते सांगते. तासभर बसायचं. हात नाही हलवायचा, पाय नाही, डोळा नाही उघडायचा. नाकावर माशी बसली तर ती तिच्या मर्जीनं उठेपर्यंत तिला बसू द्यायचं. आमची मंडळी ही साधना वर्षानुवर्षं करतायत. म्हणजे आत्यानं मला हसणाऱ्या लोकांसमोर नाही, तर न हसण्याचं रीतसर शिक्षण घेतलेल्या लोकांसमोर उभं केलं होतं.

‘‘ही लबाडी आहे!’’ मी ओरडले.

‘‘ही समता आहे, काहीही झालं तरी मन हलू न देणं,’’ आत्या म्हणाली, आणि सरळ ठेवलेल्या चपला घालून गेली.

रविवारी जिना चढताना खालून इस्त्रीची गरम वाफ येत होती. वर चपलांच्या मांडणीपाशी दोन पाट्या आहेत. एक म्हणते ‘आसक्ती सोडा’, तिच्याखालची म्हणते ‘आपापल्या चपला सांभाळा’. त्या मी विनोदात घेतल्या होत्या. आत्यानं खालची पाटी काढून टाकली होती! मला बघताच म्हणाली, ‘‘काय झालं? एक विनोद कमी झाला का?’’

‘‘दुसरा मिळाला,’’ मी म्हणाले. पण खरं सांगते, मिळाला नव्हता.

सगळे बसले. पहिल्या रांगेत दंतवैद्य, पाठ ताठ, पांढरा शर्ट. त्यांच्या शेजारी कुलूपवाले आजोबा, ज्यांनी आयुष्यभर लोकांची कुलपं उघडली आणि आता स्वतःचं मन उघडायला बसतात, असं ते स्वतःच सांगतात. मागे बाकीचे. बाबा खांबाला टेकून. आत्या समोर, माझ्या अगदी पुढ्यात, घंटेशेजारी. तिनं घंटा वाजवली, डोळे मिटले, आणि सगळे चेहरे एकदम बंद झाले. दुकानांची शटर पडतात तसे.

मी सुरू केलं. पहिलंच वाक्य दात आवळण्याचं. शाळेत जिथं हशा आला होता तिथं इथं पंख्याचा खडखड आवाज आला.

डासाचं सांगितलं. ‘‘आमच्यात डास मारत नाहीत. आत्या डासाला पेल्यात पकडते, वर पुठ्ठा ठेवते, करुणेनं बाहेर नेते आणि सोडते. शेजाऱ्यांच्या खिडकीत.’’ काही नाही.

दंतवैद्यांकडे वळले. ‘‘आमचे डॉक्टर पेशंटचं तोंड उघडून सांगतात, दुःख आहे. मग सांगतात, दुःखाला कारण आहे. कारण म्हणजे तुम्ही रात्री ब्रश करत नाही. पण घाबरू नका, दुःखाचा अंत आहे. मंगळवारी साडेचारला या.’’

दंतवैद्यांच्या गालाचा एक कोपरा हलला. एवढासा. आणि शेजारून आवाज आला, ‘‘हसू... हसू... हसू...’’

कुलूपवाले आजोबा! आता त्याचं असं आहे की आमच्याकडे ध्यानात जे काही उठेल त्याला नाव द्यायचं आणि जाऊ द्यायचं. खाज सुटली की ‘खाज’, आठवण आली की ‘आठवण’. मनातल्या मनात. पण आजोबांना कमी ऐकू येतं, त्यामुळे आपण मनात बोलतोय असं समजून ते पार खालच्या लाँड्रीपर्यंत ऐकू जाईल असं बोलतात. त्यांच्या गुडघ्याची, त्यांच्या सुनेची, दुपारच्या जेवणाची, सगळी खबर आम्हाला दर रविवारी मिळते.

‘‘हसले!’’ मी ओरडले. ‘‘आजोबा हसले! स्वतः म्हणतायत!’’

‘‘नोंद केली,’’ आत्या डोळे न उघडता म्हणाली. ‘‘हसले नाहीत. हसू आलं, पाहिलं, गेलं. पुढे चल.’’

‘‘हे चीटिंग आहे!’’

‘‘पुढे चल. वेळ जातोय.’’

‘‘गेलं... गेलं...’’ आजोबा म्हणाले.

मग मला जो काही राग आला! हे सगळे माझ्यासमोर हसू असं गिळत होते, कडू गोळी गिळावी तसे, आणि वर त्याला साधना म्हणत होते. मी एकामागून एक विनोद फेकत सुटले. बाबाची गॅलरी. उशी कोणाची यावरून दोन साधकांमध्ये झालेलं अनासक्त भांडण. आजोबांचा आवाज येतच होता, ‘‘हसू... गुडघा... हसू...’’ बाबा खांबाला टेकून लाल झाला होता, पण बहिणीच्या भीतीनं ओठ दाताखाली धरून होता. बाकी कोणी हूं नाही की चूं नाही. आत्याच्या हातात घंटेची दांडी आली. म्हणजे संपत आलं होतं. तिच्या ओठांच्या कडेला एक बारीकशी रेघ उमटली. ती जिंकत होती आणि तिला ते कळत होतं.

माझ्याकडे एक विनोद शिल्लक होता. तो मी शाळेतही केला नव्हता. तो मी रात्री अंथरुणात रचला होता आणि स्वतःच घाबरून उशीत तोंड खुपसलं होतं.

‘‘माझे आतोबा भिक्षू झाले,’’ मी म्हणाले.

खांबापाशी बाबा सरळ झाला. ‘‘अगं...’’

मी थांबले नाही. आत्याच्या तोंडावर बोलले. ‘‘शांतीच्या शोधात घर सोडून गेले. फार लांब नाही गेले. आत्याचा आवाज जिथं ऐकू येत नाही, तिथं थांबले.’’

कुलूपवाले आजोबा म्हणाले, ‘‘अरेरे... अरेरे...’’ दंतवैद्यांनी चक्क डोळे उघडले, अधिष्ठान मोडून. आत्या हलली नाही. तिचा चेहरा पांढरा, मग लाल झाला. आता ही उठणार आणि माझ्या मुस्काटात देणार, असं मला अगदी खात्रीनं वाटलं, आणि मी हनुवटी वर केली. दे म्हटलं.

तर तिच्या नाकातून एक आवाज आला. नळाला पाणी येण्याआधी हवा फुरफुरते ना, तसा. मग आणखी एक. मग तिच्या हातातून दांडी पडली, घंटेवर आपटली, ठण्ण झालं, आणि आत्या हसायला लागली. पोट धरून! पुढे वाकून! मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. कोणीच नव्हतं.

‘‘गेला नाही गं तो!’’ तिला धड बोलता येईना. ‘‘मी घालवला! जातो जातो म्हणत महिनोन् महिने नुसता घुटमळत होता, मीच म्हटलं जा एकदाचा! बॅग मी भरली! अशी रागानं भरली... टॉवेल कोंबला, साबण कोंबला... आणि कंगवा!’’

‘‘कंगवा?’’ बाबा म्हणाला.

‘‘कंगवा रे! दुसऱ्या दिवशी डोकं भादरायचं होतं त्याचं! आणि मी त्याला कंगवा दिला!’’

आता बाबाचा बांध फुटला. दंतवैद्य खिंकाळले, हो, खिंकाळलेच. आजोबांना शेजारच्यानं कानात ओरडून सांगितलं, ‘‘कंगवा दिला, कंगवा!’’ आणि ते एवढे हसले की त्यांना दोघांनी धरावं लागलं. नाव द्यायचं कोणाला सुचलं नाही.

‘‘पोस्टानं परत पाठवला त्यानं,’’ आत्या डोळे पुसत म्हणाली. ‘‘धुऊन.’’

मग ती थांबली. एकदम. पदर नीट केला, दांडी उचलून जागेवर ठेवली. माझ्याकडे पाहिलं आणि त्या नजरेत हसण्याचा मागमूससुद्धा नव्हता.

‘‘मी हसले. शब्द म्हणजे शब्द. जा फायनलला. पण हसले म्हणजे माफ केलं असं समजू नकोस. तू ते मला दुखवायला बोललीस.’’

‘‘हो,’’ मी म्हणाले. खोटं कशाला बोलू?

‘‘मग ते वाक्य तिथं म्हणायचं का नाही, ते मला विचारू नकोस. मी नाही म्हटलं की तुला म्हणायला मजा येईल. ती मजा मी तुला देणार नाही.’’

मी म्हटलं, ‘‘ते वाक्य जाऊ दे. मला कंगवा दे.’’

‘‘काय?’’

‘‘कंगव्याची गोष्ट. आत्या, अगं तुला कळतंय का, माझ्या सगळ्या कार्यक्रमापेक्षा ती एकटी भारी आहे! मी तुझ्यासारखीच सांगेन, टॉवेल कोंबला, साबण कोंबला...’’

‘‘स्टेजवर नाही.’’

‘‘पण का?’’

‘‘तो माझा आहे.’’

‘‘आसक्ती!’’ मी ओरडले. ‘‘बघा, ही आसक्ती आहे! बाहेर तर पाटी...’’

‘‘असू दे आसक्ती,’’ आत्या म्हणाली. ‘‘उशा उचल.’’

मी फायनलला गेले. भिक्षूचं वाक्य मी म्हटलं नाही. चांगुलपणा वगैरे काही नाही त्यात. खरं काय झालं ते कळल्यावर ते वाक्य मला रबरासारखं लागायला लागलं, नुसतं चघळत राहावं आणि चव काहीच नाही. त्याच्या जागी दंतवैद्यांचा विनोद वाढवला. तिसरी आले. पहिला आलेला मुलगा पूर्ण वेळ आपल्या कुत्र्यावर बोलत होता. कुत्र्यावर! त्या कुत्र्यानं काही परवानगी नाकारली नसणार.

घरी आले तर आत्या बाबाशी बोलत बसलेली.

‘‘कितवी?’’

‘‘तिसरी.’’

‘‘कंगव्यानं पहिली आली असतीस,’’ ती म्हणाली. नुसती म्हणाली नाही, चवीनं म्हणाली. मला इतकं चिडायला झालं की मी दप्तर सोफ्यावर फेकलं.

‘‘मग पुढच्या वर्षी तरी दे!’’

‘‘एकदा सांगितलं ना. स्टेजवर नाही म्हणजे नाही.’’

स्टेजवर नाही, एवढंच ती म्हणाली. दोन्ही वेळा तेवढंच, आणि दोन्ही वेळा बाबा साक्षीला होता. म्हणून हे मी लिहून काढलं, टॉवेल आणि साबणासकट, आणि आज सकाळी शाळेच्या वार्षिक अंकासाठी मराठीच्या बाईंच्या हातात देऊन आले.