चाळीस कांड्यांचं यंत्र

सुनावणीला वीस मिनिटं उरली होती, आणि रुखमाबाईंनी अरुंधतीच्या काळ्या कोटाची बाही धरून तिला थेट कस्टमच्या कचेरीच्या जिन्याखाली ओढत नेलं.

"वकीलबाई, आता तरी मले बोलू द्या. तीन महिने झाले, हे मले तोंड उघडू देऊन नाही राहिले."

हे म्हणजे त्यांचे यजमान नत्थूजी. मूळचे उमरेडचे, पण नागपुरात उमरेड रोडला पंचवीस माग टाकून बसलेला खमका माणूस. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची कांडी बसते ना, ती त्यांच्याकडे बायका चरख्यावर हाताने भरायच्या, एका वेळी एक. जपानात चाळीस कांड्या एकदम भरणारं यंत्र मिळतं असं कळलं आणि नत्थूजींना झोप येईना. दोन वर्षं दिल्लीला अर्ज करकरून त्यांनी लायसन मिळवलं. त्यात दोन अटी होत्या. यंत्र कोरं पाहिजे, जुनं अजिबात चालणार नाही. आणि मुंबई बंदरातून आलेली पेटी नागपुरात कस्टमच्या माणसासमोरच उघडायची.

पेटी आली. इन्स्पेक्टरने नत्थूजींच्या शेडमध्ये येऊन ती उघडली, तर पांढऱ्या पत्र्यावर पिवळे-तपकिरी डाग, रॉकेलचा वास आणि काळ्या बोटांचे ठसे! त्याने जागच्या जागी लिहून टाकलं, यंत्र वापरलेलं आहे, गंजलेलं आहे, पुसूनबिसून नवं म्हणून आणलेलं आहे. झालं! यंत्राला सील ठोकलं आणि ते जप्त का करू नये अशी नोटीस आली. यंत्र सरकारजमा झालं असतं तर नत्थूजींना दुसरं लायसन या जन्मात मिळालं नसतं.

नागपुरात जमिनीच्या वादाला म्हणाल तितके वकील. पण कस्टमचं नाव काढलं की सगळे म्हणायचे, मुंबई गाठा. अरुंधतीने मात्र हट्टाने कागद घेतले. प्रताप नगरातल्या घरी कायद्याचं पुस्तक पुढ्यात घेऊन बसली की आईने दहा हाका मारल्या तरी तिला ऐकू येत नसे. आणि एवढं करून हाती काय होतं? यंत्र नवं आहे असं कारखान्याचं एक पत्र. तेवढ्यावर सुनावणी घेणारे कस्टमचे साहेब भुलणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"बोला, पण लवकर," ती म्हणाली.

"ते डाग गंजाचे नाहीत, बाई. हळदीचे आहेत."

"हळदीचे?"

"पेटी आली ती दसऱ्याच्या आदल्या दिवशी. इन्स्पेक्टर सुट्टीनंतर येतो म्हणाला. हे दसऱ्याच्या सकाळी म्हणाले, साऱ्या मागांची पूजा होते अन् ह्याच्याच कपाळी अंधार काहून? मागच्या दोन फळ्या उचकटल्या. मी हळदीची पाच बोटं ओढली, फूल वाहिलं. मग ह्यांले अटीची याद आली अन् धाबं दणाणलं! रॉकेलच्या चिंधीनं पुसलं, फळ्या ठोकल्या, अन् पेटीले कोणी हात नाही लावला म्हणून लिहून देऊन बसले."

अरुंधतीने कपाळावर हात मारला. अहो, ज्याच्यासाठी ती तीन महिने रक्त आटवत होती त्या माणसाने पुरावा स्वतःच पुसला होता, आणि वर खोटं लिहून दिलं होतं! राग तर असा आला की कागद तिथेच भिरकावून द्यावेत. पण त्याच क्षणी तिच्या डोक्यात लखकन उजेड पडला. हळद! गंज नव्हे, हळद! पुसली तरी हळद इतक्या सहजी जाते होय?

ती धावतच वर गेली. नत्थूजी बाकावर ताठ बसले होते.

"मला सगळं कळलंय," ती म्हणाली. "आत जाऊन खरं सांगा. अट मोडली म्हणून दंड होईल. नाही सांगितलंत तर यंत्र गेलंच समजा."

नत्थूजींचा चेहरा उतरला. "बाई, साऱ्या उमरेड रोडवर माझ्या शब्दावर लोक सूत उधार देतात. मी भर हापिसात खोटारडा म्हणून उभा राहू?"

"हो. आणि मला फसवलंत, त्याचं मी नंतर बघते!"

तेवढ्यात आतून पुकारा झाला.

साहेब चष्म्यावरून बघत होते. इन्स्पेक्टरने अहवाल खणखणीत वाचला. अरुंधतीने नत्थूजींकडे पाहिलं. नत्थूजी उठले, पुन्हा बसले. मागून रुखमाबाई हळूच म्हणाल्या, "उठा नं." ते उठले.

"साहेब, मी खोटं लिहून दिलं. पेटी म्याच उघडली." आणि मान खाली घालून त्यांनी सगळं सांगून टाकलं.

इन्स्पेक्टर उसळला. "साहेब, ही आज रचलेली गोष्ट आहे! बाईंनी शिकवलेली!"

"तपासून बघा ना!" अरुंधतीचा आवाज चढला तो चढलाच. "यंत्राला सील यांचं, सही यांची. तीन महिन्यांत तिथे माशी शिरली नाही. डागाला चुना लावा. हळद असेल तर लाल होईल. गंजाला चुन्याने काही होत नाही. आणि गंज नसेल, तर तुमच्या नोटिशीत उरतं काय?"

साहेबांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "जीप काढा."

सिव्हिल लाइन्सहून जीप उमरेड रोडला निघाली. अरुंधतीच्या डोक्यात एकच घोळत होतं. रॉकेलने सगळी हळद निघून गेली असली तर? शेडपुढे मागांवरची माणसं, कांड्या भरणाऱ्या बायका, सगळा मोहल्ला लोटला होता. इन्स्पेक्टरने आपली सही ताडून सील तोडलं. नत्थूजींनी खिशातून चुन्याची डबी काढली.

"तुमची नको," अरुंधती म्हणाली. "इन्स्पेक्टरसाहेबांची घेऊ."

इन्स्पेक्टर तंबाखू खायचा. त्याने नाइलाजाने आपली डबी पुढे केली. साहेबांनी स्वतः बोटावर चुना घेतला, पाण्यात भिजवला आणि डागावर फिरवला.

काहीच झालं नाही. एक क्षण, दोन क्षण. अरुंधती डागावर वाकली.

आणि मग त्या पांढऱ्या पत्र्यावर लाली चढायला लागली. एक बोट, दुसरं, तिसरं! पुसट, पण लालच! बायकांनी एकच गलका केला. इन्स्पेक्टरने वाकून पाहिलं, नख लावून पाहिलं. खाली पत्रा गुळगुळीत, कोरा करकरीत.

"गंज नाही, साहेब," तो म्हणाला. बिचाऱ्याने प्रामाणिकपणे मान्य केलं.

साहेबांनी तिथेच स्टुलावर बसून हुकूम लिहिला. पेटी उघडल्याबद्दल आणि खोटं लिहून दिल्याबद्दल दंड, यंत्र मोकळं. अरुंधतीला वाटलं, आत्ता इथे फुगडी घालावी! काळा कोट अंगावर होता म्हणून तिने स्वतःला आवरलं.

"आता चालवून तर दाखवा," साहेब म्हणाले.

बायकांनी भराभर सूत लावलं. बटण दाबायला नत्थूजी पुढे झाले, थांबले, आणि बाजूला सरले. "तू दाब वं. तू बोलली म्हणून वाचलं."

रुखमाबाईंनी बटण दाबलं. चाळीसच्या चाळीस कांड्या गरगर फिरायला लागल्या, आणि एक कांडी भरायच्या वेळात सगळ्या टम्म भरल्या! नत्थूजींचे डोळे पाण्याने डबडबले.

"पाह्य, दसऱ्याची पूजा पावली," ते म्हणाले.

"पूजा कायची पावते?" रुखमाबाई भरलेल्या कांड्या ओटीत घेत म्हणाल्या. "तीन महिने मी खरं बोला हेच सांगून राहिली होती. बायकोचं ऐकलं असतं तर आज भर हापिसात खोटारडे तरी झाले नसते."

सगळा मोहल्ला खो खो हसला, आणि नत्थूजी मुकाट्याने रिकाम्या कांड्या लावायला बसले.