तीन शून्यं

भीमानं कागद मास्तरांच्या पुढ्यात ठेवला आणि ट्रम्पेट काखेत धरून तो उभाच राहिला. तालमीला बाकीचे वादक अजून यायचे होते. पंधरा ऑगस्टला लातूर जिल्हा होणार, मैदानावर बँड वाजणार, आणि सुरुवातीची धून ट्रम्पेटवर, म्हणजे भीमानं वाजवायची. अर्ध्या गल्लीला त्यानं हे सांगूनही टाकलं होतं.

"माझ्याच वाचण्यात फरक आसंल, मास्तर," तो म्हणाला, "पण हितं तीन जागी शून्य पडलंय. जुन्या कागदात तिथं सूर हायत."

शून्य म्हणजे तेवढा वेळ गप्प राहायचं. माणिकप्पा मास्तर प्रत्येक वादकाचा कागद स्वतःच्या हातानं सारेगममध्ये लिहीत. त्यांची चूक काढणं म्हणजे वाघाच्या जबड्यात हात घालणं. पण आज मास्तर चिडले नाहीत, आणि भीमाला तेच खटकलं.

"जुनं वाजीव बघू," ते म्हणाले.

पहिली ओळ झकास गेली. दुसरीच्या शेवटी सूर तुटला. भीमानं घाईघाईनं श्वास ओढला, तसा जो खोकला सुटला तो थांबेचना. बहात्तरच्या दुष्काळात त्यानं वर्षभर खडी फोडली होती, ती धूळ छातीत ठाण मांडून बसलेली. यंदाही पावसानं डोळे वटारले होते आणि भीमा पुन्हा खडीवरच जात होता.

"जरा सर्दी हाय," तो डोळे पुसत म्हणाला.

"हाव."

मास्तरांनी पिशवीतून दुसरा कागद काढून शेजारी ठेवला. तो क्लॅरिनेटवाल्या मलप्पाचा होता. भीमाच्या कागदावर जिथं शून्य होतं, नेमक्या त्याच तीन जागी मलप्पाला सूर लिहून दिले होते.

"तू थांबलास हे लोकायला कळणारबी न्हाई," मास्तर म्हणाले.

भीमाला राग आला, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटली.

"मलप्पाला कसं काय ठाऊक?"

"त्यानंच तर मला सांगितलं. तुझ्या शेजारी उभा ऱ्हातो न्हवं?"

बाहेर वादकांच्या सायकली भिंतीला लागत होत्या. मलप्पाचं हसणंही ऐकू आलं. भीमानं कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला, मनातल्या मनात वाजवत, आणि एका जागी त्याचं बोट थांबलं. त्यानं कागद मास्तरांकडं सरकवला.

"मास्तर," तो हळूच म्हणाला, "चौथ्या ओळीत एक शून्य लिहायचं ऱ्हायलंय."